मनसर-कांद्रीचा काळा दगड

या व्याख्यानाच्या वेळी आम्ही समोरच्या टेबलावर दोन दगड ठेवले होते आणि सभा संपल्यावर ते हातात घेऊन पाहावेत अशी श्रोत्यांना विनंती केली होती. पहिला दगड आपल्या पारसिकच्या डोंगराचा, तुर्भ्याच्या बाजूचा. दुसरा नागपूर जिल्ह्यातील मनसरचा. दोन्ही मुठीएवढे, दोन्ही काळे. परंतु दुसरा उचलू गेले की हात नकळत खाली जातो, कारण तो पहिल्याच्या दीडपट जड आहे. एका भगिनीने तो परत ठेवला तेव्हा तिच्या बोटांना काजळी लागली होती. "हा कोळसा आहे का?" असे तिने विचारले. तो कोळसा नव्हे. ते मँगनीज या धातूचे खनिज आहे.

पहिल्याला आपण दगड म्हणतो आणि दुसऱ्याला खनिज म्हणतो. हा भेद कोणी केला? निसर्गाने किती केला आणि माणसाने किती केला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस एका लहानशा टेकडीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागला. तोच येथे मांडत आहोत.

नवी मुंबईच्या नागरिकांनी नागपूरकडच्या खाणीची चौकशी का करावी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात आहे. त्या बाजारात माथाडी बंधू ज्या सळया आणि पत्रे चढवतात-उतरवतात, त्यांतील प्रत्येक टनात साधारण सहा ते दहा किलो मँगनीज असते. लोखंडात गंधकाचा अंश राहिला तर ते तापवून लाटताना भेगाळते. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेते आणि पोलाद चिवट करते. हेन्री बेसेमर याने १८५६ साली पोलाद करण्याची नवी रीत जाहीर केली, तेव्हा तिचे पोलाद पुष्कळदा ठिसूळ निघे. रॉबर्ट मुशेट याने त्यात मँगनीजयुक्त लोखंड घालून ती उणीव दूर केली. पुढे १८८२ साली रॉबर्ट हॅडफील्ड याने बारा-तेरा टक्के मँगनीज असलेले असे पोलाद तयार केले की घाव बसेल तसे ते अधिकच कठीण होई. रेल्वेच्या रुळांचे सांधे जेथे एकमेकांस छेदतात तेथे ते वापरतात, आणि खडी फोडणाऱ्या क्रशरचे जबडेही त्याचेच करतात. आपल्या टेकड्यांत ज्या काळी खडीच्या खाणी धडधडत होत्या, त्या काळी पारसिकचा दगड चावणारा जबडा मँगनीजचाच होता. टेबलावरच्या त्या दोन दगडांची ओळख अशी जुनी आहे.

आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले की सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर मनसर लागते. उजव्या हातास रामटेकचा फाटा फुटतो. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असे पुष्कळ पंडित मानतात. मनसरच्याच परिसरात वाकाटक राजांच्या काळच्या विटांच्या मंदिरांचे अवशेष उत्खननात निघाले आहेत. त्याच रस्त्यावर पुढे कांद्री आहे. कन्हान नदीजवळ कांद्री नावाचे दुसरे गाव असल्यामुळे तिकडचे लोक हिला 'कांद्री माइन' म्हणतात. गावाच्या नावातच खाण येऊन बसली आहे, यावरून ती किती जुनी झाली ते समजावे.

या टेकड्या सह्याद्रीसारख्या उंच नाहीत. सपाट शेतीच्या मुलखातून उठलेल्या त्या ठेंगण्या, लांबट रांगा आहेत. त्यांचा दगड मात्र आपल्या डोंगरांपेक्षा फारच पुरातन आहे. पारसिकचा काळा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा असून त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. मनसरचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना 'सौसर' समूह म्हणतात आणि त्यातील ज्या थरात मँगनीज सापडते त्या थराला 'मनसर' हेच नाव दिलेले आहे. हा पट्टा नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या जिल्ह्यांतून कमानीसारखा वळत सुमारे दोनशे किलोमीटर गेला आहे. डोंगरी बुजुर्ग, चिखला, गुमगाव, बेलडोंगरी, तिरोडी, भरवेली, उकवा या खाणी याच पट्ट्यातल्या.

हे खनिज तेथे आले कसे? एके काळी त्या जागी समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू, चिखल आणि चुना यांचे थर साचत गेले. मधूनमधून पाण्यात विरघळलेले मँगनीज खाली बसून त्याचेही थर झाले. पुढे हे सारे थर जमिनीत खोल गाडले गेले, तापले, चेपले गेले. वाळूचा कठीण गारेचा खडक झाला, चिखलाचा अभ्रकमिश्रित पापुद्र्यांचा खडक झाला, चुन्याचा संगमरवर झाला आणि मँगनीजच्या थरांचे ब्रॉनाइट नावाचे जड, काळे, करकरीत खनिज झाले. जेथे मँगनीजमध्ये वाळू आणि माती मिसळलेली होती तेथे निराळाच खडक बनला. त्यात गार आणि पिवळसर-तपकिरी गार्नेट यांचे दाणे एकत्र गुंफलेले असतात. या खडकाचे नाव पुढे येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

एवढ्यावर निसर्ग थांबला नाही. या थरांना बाजूंनी इतका दाब आला की चुरगळलेल्या धोतरासारख्या त्यांच्या चुण्या पडल्या. काही ठिकाणी थर उलटे होऊन एकमेकांवर सरकले. मनसरच्या उत्तरेस देवलापारच्या परिसरात डब्ल्यू. डी. वेस्ट या शास्त्रज्ञाने १९३६ च्या सुमारास हे दाखवून दिले, आणि युरोपातील आल्प्स पर्वतात जी रचना प्रसिद्ध होती तीच आमच्या विदर्भात निघाली. या घड्यांमुळे खाणवाल्याला एकच थर पुन्हा पुन्हा भेटतो, आणि तो आडवा न पसरता भिंतीसारखा उभा उतरतो. अखेर कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि मँगनीजचा कठीण कणा टेकडी होऊन उभा राहिला. वरच्या बाजूस हवापाण्याने त्याचे रूपांतर बोटांना काळे लावणाऱ्या मऊसर खनिजात झाले. त्या भगिनीच्या बोटांना लागले ते हेच.

म्हणजे खाण शोधण्यासाठी येथे फारशी विद्या लागली नसावी. टेकडी उघडीच होती आणि तिच्या पायथ्याशी काळे धोंडे विखुरलेले होते. तिथला गोंड आणि कुणबी हे धोंडे पिढ्यानपिढ्या पाहत आला होता. परंतु त्या दगडाला गिऱ्हाईक नव्हते. गिऱ्हाईक इंग्लंडच्या पोलाद कारखान्यांत तयार झाले. शेंदूर फासला की दगडाचा देव होतो, तसा भाव लागला की दगडाचे खनिज होते.

१८९६ साली 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही विलायती मंडळी या मुलखात उतरली आणि १९०० च्या सुमारास नागपूरकडे मँगनीजचे काम सुरू झाले. याच सिंडिकेटची पुढे 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' झाली. माल आरंभी बैलगाड्यांनी रेल्वेपर्यंत जाई. पुढे कन्हानहून रामटेकपर्यंत रेल्वेचा फाटाच आला. तेथून माल मुंबई आणि कलकत्ता बंदरांकडे निघे. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले होईपर्यंत नागपूरकडच्या मालाला समुद्र गाठण्यासाठी हाच लांबचा प्रवास होता. कल्याणवरून ठाण्याची खाडी ओलांडून मुंबईच्या गोदीकडे जाणाऱ्या मालगाड्यांत मनसरचा काळा दगड भरलेला असे, आणि खाडीच्या या बाजूस, आज आपण राहतो त्या गावांत, तेव्हा मिठागरे आणि भातशेती होती.

काम कसे चाले तेही सांगितले पाहिजे, कारण पुस्तकांत थरांचे वर्णन असते पण घामाचे नसते. टेकडीच्या माथ्यापासून पायऱ्या पाडीत खाली यायचे, ही पहिली रीत. पुरुष पहारीने भोक पाडीत. एकाने पहार धरावी, दुसऱ्याने घण मारावा. भोकात दारू ठासून सुरुंग उडवीत. मोठ्या धोंड्यांचे घणाने तुकडे करीत. मग काम स्त्रियांकडे जाई. त्या हातोडीने गार आणि माती झाडून टाकीत, काळे खनिज वेचून वेगळे करीत आणि पाटीत भरून डोक्यावरून ढिगापर्यंत नेत. बहुतेक काम कंत्राटदारामार्फत चाले आणि मजुरी ढिगाच्या मापावर ठरे. ढीग मोजणारा मालकाचा, माप मालकाचे, आणि कोणता तुकडा खनिज व कोणता कचरा हे ठरवणारा डोळाही मालकाचा. जो तुकडा नाकारला गेला तो फोडण्यासही घण तेवढाच लागला होता, परंतु त्याची मजुरी नाही.

आमच्या मते खनिज आणि दगड यांतील भेद खऱ्या अर्थाने येथे, या वेचणाऱ्या बायांच्या हातांत होत होता. निसर्गाने दोन्ही एकत्र कालवून ठेवले होते. बोटीत चढलेला 'पहिल्या प्रतीचा' माल टेकडीत तसा तयार पडलेला नव्हता. तो हातांनी निवडलेला होता.

आता भावाची कथा ऐका. त्या काळी मँगनीजचा मोठा पुरवठा रशियन साम्राज्यातून, काकेशस पर्वतातील चियातुरा येथून होत असे. १९०५ च्या क्रांतीत तेथील खाणकामगारांनी संप केले, रेल्वे बंद पडली, बंदराकडे जाणारा माल अडला. लगेच हिंदुस्थानच्या मालास मागणी आली आणि भाव कडाडले. १९०७ साली आपल्या देशाचे मँगनीजचे उत्पादन नऊ लाख टनांच्या घरात गेले. चियातुराच्या कामगाराने संप केला म्हणून मनसरच्या दगडाचे सोने झाले. त्या सोन्यातले मनसरच्या मजुराच्या पदरी किती पडले, हा प्रश्न त्या काळच्या अहवालांत कोणी फारसा विचारलेला दिसत नाही. कामगार चळवळीत वावरताना आम्ही हे वारंवार पाहिले आहे की एका गावच्या कामगारांचा लढा दुसऱ्या गावच्या मालकांना लाभ देऊन जातो, कारण त्या दोन गावच्या कामगारांची गाठभेट झालेली नसते.

पुढे याच्या उलट झाले. १९२७ साली देशाचे उत्पादन अकरा लाख टनांवर गेले होते. मग जगभर मंदी आली, पोलादाच्या भट्ट्या विझल्या, आणि १९३२ साली ते दोन लाख टनांच्या आसपास येऊन ठेपले. पाच वर्षांत पाचवा हिस्सा! या पाच वर्षांत टेकडीत काय बदलले? काहीच नाही. ब्रॉनाइट तेवढेच जड होते, थर तेवढाच उभा होता. परंतु काल जे खनिज होते ते आज पुन्हा दगड झाले. घण चालवणारे आणि वेचणारे हात मात्र घरी बसले. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. खनिज ही निसर्गाची देणगी असली तरी तिला खनिजपण देणारे दोघे आहेत, एक बाजारभाव आणि दुसरे श्रम. यांतील भावाची नोंद दर वर्षी छापली जाते. श्रमाची नोंद पाहू गेल्यास काय आढळते?

नोंदीचाच विषय निघाला आहे म्हणून एका मोठ्या ग्रंथाचा उल्लेख करतो. लुईस ले फर्मोर हा तरुण इंग्रज १९०२ साली भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात आला. त्याने या साऱ्या खाणी पायी हिंडून पाहिल्या आणि १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजवर हजारावर पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे तो त्या खात्याचा प्रमुख झाला. परक्या राज्याचा नोकर असला तरी विद्येत त्याने कसूर केली नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. सौसरच्या खडकांचा अभ्यास आजही त्याच्या पायावर उभा आहे.

या ग्रंथात नवी खनिजे नोंदली गेली व त्यांची बारशी झाली. नावे पाहा. खात्याचे प्रमुख हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट. सहकारी व्रेडेनबुर्ग यांच्यावरून व्रेडेनबुर्गाइट. जुने शास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांच्यावरून ब्लॅनफर्डाइट, आणि हे तर रामटेकजवळच्या काचरवाहीचे. काही नावे गावांवरून पडली, जसे बेलडोंगरीवरून बेलडोंगराइट आणि सीतापारवरून सीतापाराइट. आणि गार व गार्नेट यांच्या ज्या खडकाला आम्ही वर लक्षात ठेवण्यास सांगितले, त्याला फर्मोरने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले.

हे नाव जगभर रूढ झाले. आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्येही तसा खडक निघाला की शास्त्रज्ञ त्याला गोंडाइटच म्हणतात. आदिवासींचे नाव विज्ञानात अजरामर झाले याचा आम्हांस आनंद आहे, आणि नाव ठेवणाऱ्याच्या हेतूबद्दल शंकाही नाही. परंतु खाणीतला व्यवहार निराळा होता. साहेबांची नावे खनिजांना मिळाली. गोंडांचे नाव ज्या खडकाला मिळाले तो अतिशय कठीण, फोडण्यास सर्वांत कष्टाचा आणि मँगनीज कमी म्हणून बहुधा ढिगाऱ्यावर फेकून देण्याचा होता! आणि नाव मिळाले तेही साऱ्या जमातीला मिळून एक. ज्या हातांनी टेकडी उतरवली त्यांतील एकाही माणसाचे नाव कोणत्या दगडावर नाही.

टेकडी उतरून संपली तेव्हा खनिजाचा उभा थर जमिनीखाली गेला आणि खाणही त्याच्यामागे खाली गेली. आज मनसर आणि कांद्री या दोन्ही भूमिगत खाणी आहेत. थराच्या कडेने विहिरीसारखी शाफ्ट उतरवतात. तिच्यातून ठरावीक खोलीवर आडवे बोगदे थरापर्यंत नेतात. मग खालून वर असे आडवे काप घेत खनिज काढतात, आणि जी पोकळी होते ती वाळूने किंवा टाकाऊ दगडाने भरून तिच्यावर उभे राहून पुढचा काप घेतात. भरणी वेळेवर झाली नाही तर माथ्यावरचा खडक खाली येतो. म्हणून खाणीतला जाणता कामगार आधी छत ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर मागे सरायचे.

या कामगाराच्या रक्षणासाठी कायदे हळूहळू आले. पहिला खाण कायदा १९०१ चा. त्यात तपासणी होती, पण कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. ती १९२३ च्या कायद्याने आली, जमिनीवर आठवड्यास साठ तास व जमिनीखाली चोपन्न. तेरा वर्षांखालील मुलांस बंदीही तेव्हाच झाली. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांना जमिनीखाली नेण्यास मनाई केली, मात्र कोळशाच्या मोठ्या खाणींना मुदत दिली. हे योग्यच होते, परंतु खाण जसजशी खाली गेली तसतसा स्त्रियांचा रोजगार वर, निवडीच्या ढिगापुरता उरला, हेही खरे. तांत्रिक व देखरेखीच्या जागांवर स्त्रियांना पुन्हा खाली जाण्याची वाट २०१९ साली उघडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, रेगे समिती नेमली गेली. तिने इतर धंद्यांबरोबर मँगनीजच्या खाणींतील मजुरांचीही चौकशी केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला, त्याने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणला. हा कायदा २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत विलीन करण्यात आला. साठावरून अठ्ठेचाळीसपर्यंत येण्यास एकोणतीस वर्षे लागली, ही गोष्ट आठ तासांचा दिवस वरून पडला असे समजणाऱ्या तरुण मित्रांनी ध्यानात ठेवावी.

मालकीही बदलली. १९६२ च्या जून महिन्यात केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही राज्ये यांनी मिळून एक्कावन्न टक्के भाग घेतला आणि 'मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. उरलेले एकोणपन्नास टक्के विलायती कंपनीकडेच होते. ते १९७७ साली सरकारकडे आले. आज हीच कंपनी 'मॉइल' या नावाने ओळखली जाते. २०१० साली तिचे काही भाग शेअर बाजारात विकले गेले. २०२३-२४ या वर्षी तिच्या सर्व खाणींचे मिळून उत्पादन साडेसतरा लाख टनांच्या आसपास झाले. तरीही आपला देश आज परदेशांतून मँगनीज आणतो. पन्नास-साठ वर्षे वेचून वेचून उत्तम माल बाहेर पाठवला गेला, त्याची आठवण येथे होते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी टाकून दिलेले ढिगारे पुन्हा उपसून, धुऊन, यंत्राने हलका-जड माल वेगळा करून त्यांतून खनिज काढण्यास आरंभ झाला. आजोबांनी फोडलेला आणि मापात न धरलेला तो तुकडा नातवाच्या काळात खनिज ठरला. विज्ञानाच्या दृष्टीने हे कौतुकाचे आहे. मजुरीच्या हिशेबात मात्र ती बाकी आता कोणाला चुकती करता येणार?

एक बाकी शरीरावर निघते. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर ती मेंदूला बाधते. चेहरा लाकडासारखा निर्विकार होतो, बोलणे अडखळते, हात कापतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, कारणावाचून हसतो किंवा रडतो. जॉन कूपर या डॉक्टराने १८३७ साली ग्लासगो येथे मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हा विकार प्रथम नोंदवला. म्हणजे मनसरला पहिला सुरुंग लागण्याच्या साठ वर्षे आधी ही गोष्ट छापून आलेली होती. पाण्याचा फवारा सोडून भोके पाडली की धूळ पुष्कळ बसते. हा उपाय साधा आहे, पण तो दर पाळीला करावा लागतो. भरपाईच्या कायद्याने या विकाराला धंद्यापासून होणाऱ्या रोगांत घेतले, परंतु रोग सिद्ध करण्याचा भार बहुधा रोग्यावरच पडत आला.

ही दूरच्या खाणीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. वेल्डिंगच्या कांडीत मँगनीज असते आणि तिच्या धुरातही ते येते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात बंद टाकीत बसून वीस वर्षे वेल्डिंग केलेला आमचा एक सभासद होता. त्याचा हात कापू लागला, सही करता येईना. डॉक्टरने चिठ्ठीवर 'अशक्तपणा' लिहिले. मालक म्हणाले, व्यसन असेल. त्याने आयुष्यात विडीही ओढलेली नव्हती. आम्हांला तेव्हा या विकाराचे नावही ठाऊक नव्हते. नाव ठाऊक नाही म्हणून आम्ही दावा लढवू शकलो नाही, आणि तो घरी बसला. पुढे मनसरविषयी वाचताना ते नाव सापडले. आम्ही भूगर्भशास्त्राच्या वाटेला लागलो ते या कारणाने, दगडांच्या हौसेने नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की खाणीचा इतिहास थर, टन आणि भाव यांवर संपवू नये. खनिज हे श्रमाने खनिज होते, म्हणून श्रमाची नोंद हा इतिहासाचा अर्धा भाग आहे. जुन्या कचेऱ्यांत हजेरीपट, अपघातांच्या वह्या, पगाराची पुस्तके पडलेली असतात. जागा अडते म्हणून ती रद्दीत जातात. फर्मोरचा ग्रंथ जितक्या काळजीने ग्रंथालयात ठेवतो तितक्याच काळजीने ती ठेवली पाहिजेत. त्यांत माणसांची नावे असतात.

आणि हे काम करण्यास नागपूरपर्यंत जाण्याची गरज नाही. आपले हे शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. तेव्हापासून रस्ते, इमारती, पूल यांसाठी लागलेली पुष्कळ खडी आपल्याच टेकड्यांनी दिली. पारसिकच्या रांगेचे कापलेले उभे कडे आपण रोज पाहतो. उलव्याची टेकडी विमानतळासाठी उतरवली गेली. या टेकड्या कोणी फोडल्या? दुष्काळी जिल्ह्यांतून आलेले वडार आणि इतर बांधव येथे ताडपत्रीच्या झोपड्यांत राहिले, सुरुंग लावले, घण चालवले. त्यांतील पुष्कळ जण आज म्हातारे होऊन याच शहरात राहत आहेत.

सभेनंतर ते दोन्ही दगड आम्ही ग्रंथालयाच्या कपाटात ठेवण्यास दिले. ग्रंथपालांनी चिठ्ठ्यांवर गावाचे नाव, खडकाचे नाव आणि वय लिहिले, आणि दगड कोणी काढला असे विचारले. मनसरच्या दगडाबद्दल आम्ही सांगू शकलो नाही. पारसिकच्या दगडाबद्दल सांगू शकणारी माणसे मात्र अजून हयात आहेत. ज्यांच्या घरी, शेजारी किंवा ओळखीत खडीच्या खाणीत काम केलेले कोणी असेल, त्यांनी त्यांच्याजवळ बसून नाव, गाव, किती वर्षे काम केले आणि काय दुखापत झाली एवढे तरी एका वहीत उतरवून घ्यावे आणि ती वही ग्रंथालयात आणून द्यावी. पुढच्या वसंतात या विषयावर बोलण्याची पाळी आली, तर त्या वह्यांतूनच बोलावे अशी आमची इच्छा आहे.